येऊ द्या, येऊ द्या... बस्स!

आपल्या कारला रिव्हर्स कॅमेरा असतो, आपण तो गृहीतही धरतो. पण गावाकडे रोज माल वाहणाऱ्या पिकअपचं काय? मामांच्या गाडीला कॅमेरा बसवण्याच्या एका अख्ख्या शनिवारची ही गोष्ट.

‘येऊ द्या... येऊ द्या... अजून... बस्स!’ आणि मग पत्र्यावर दोन जोरदार थापा. मखमलाबादला आजोळी सुट्टीला गेलो की हा आमचा सगळ्यात फेव्हरिट जॉब होता. मामांना गाडी अंगणात रिव्हर्स घ्यायची असली की आम्ही भाचरं मागे धावायचो. पगार : प्रत्येकी एक पेप्सीकोला. आपल्या एका हाकेवर एवढी मोठी गाडी थांबते म्हटल्यावर कॉलर सॉलिड ताठ! आपण ज्या जागी उभे आहोत, तीच त्या अंगणातली सगळ्यात धोक्याची जागा आहे, हे आमच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मोठ्यांच्याही नाही.

ते डोक्यात आलं यंदाच्या मार्चमध्ये.

द्राक्षांचा सीझन संपत आलेला आणि वाळवणाचा सुरू झालेला. अंगणात जुनी साडी अंथरून आजी कुरडया घालत होती. वय ७६, कानाने थोडी कमी. मामांना कॅरेट भरायचे होते म्हणून गाडी मागे घ्यायला लागले. तिन्ही आरसे पाहिले, हॉर्न दिला, गिअर टाकला. आजी दुपारच्या झोपेला घरात गेलीय, असं त्यांना वाटत होतं. मामी ओट्यावरून किंचाळली म्हणून ब्रेक लागला. मागचं चाक साडीच्या काठावर थांबलेलं, चार कुरडया सपाट, आणि आजी तिथून जेमतेम हातभर.

आजी म्हणाली, ‘माझ्या कुरडया मोडल्या की रे!’ बाकी कुणालाच काही बोलता आलं नाही. मामा त्या रात्री जेवले नाहीत.

प्रश्न स्किलचा नाहीच!

हे मला फोनवर कळलं आणि मी लगेच जाहीर करून टाकलं, ‘मामा, कॅमेरा बसवू या.’ पलीकडे शांतता. मग टिपिकल उत्तर, ‘२८ वर्षं गाडी चालवतोय. एक ओरखडा नाही. आता टीव्ही बघून गाडी चालवू का?’

तुम्ही कुठल्याही मुरलेल्या ड्रायव्हरला हे सुचवून बघा. त्याला तो स्वतःचा अपमानच वाटतो. म्हणून पुढच्या शनिवारी मी आजोळी गेले आणि वाद न घालता एक प्रयोग केला. मामांना रिकाम्या गाडीत बसवलं, इंजिन बंद, किल्ली माझ्या खिशात. गाडीमागे बरोबर मधोमध एक रिकामं कॅरेट ठेवलं आणि ते एकेक पाऊल मागे सरकवत राहिले. ‘दिसलं?’ ‘नाही.’ ‘आता?’ ‘नाही.’ असं करत करत कॅरेट दिसलं तेव्हा मी अकरा पावलं मोजली होती. मग कॅरेटच्या जागी मी स्वतः आजीसारखी उकिडवी बसले. माझं डोकं दिसायला सात पावलं लागली.

कारण साधं आहे. ड्रायव्हरची नजर आतल्या आरशातून मागे जाते ती फाळक्याच्या वरच्या कडेवरून. कडेच्या खाली जे काही आहे, ते नजरेआड. बाजूचे आरसे गाडीच्या दोन्ही कडा दाखवतात, पाठ नाही. आणि हौद्यात माल भरला की आतल्या आरशात दिसते फक्त कॅरेटची भिंत. म्हणजे प्रश्न मामांच्या २८ वर्षांचा नव्हताच, शाळेतल्या भूमितीचा होता. शंभर वर्षं गाडी चालवली तरी पत्र्यातून आरपार कुणालाच दिसत नाही.

मामा खाली उतरले, कॅरेट आणि गाडी यांच्यामधल्या जागेकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘किती खर्च येईल?’

एका बापाची गोष्ट

रिव्हर्स कॅमेऱ्याचा फंडा तसा जुना. अमेरिकेत ब्यूइकने १९५६ मध्ये ‘सेंच्युरियन’ नावाची एक शो-कार दाखवली होती. तिला आरशाऐवजी मागे टीव्ही कॅमेरा आणि डॅशबोर्डवर स्क्रीन होता. १९९१ मध्ये टोयोटाने जपानमध्ये ‘सोअरर’ या महागड्या गाडीत कॅमेरा दिला. पुढची बरीच वर्षं ही श्रीमंतांची चैनच होती.

चित्र बदललं ते एका अपघातानंतर. २००२ मध्ये न्यूयॉर्कजवळ एका डॉक्टर बापाची गाडी स्वतःच्याच घरासमोर रिव्हर्स घेताना त्याच्या दोन वर्षांच्या मुलावर गेली. तो बाप लहान मुलांचाच डॉक्टर होता. कॅमेरन गल्ब्रन्सन हे त्या मुलाचं नाव, आणि २००८ मध्ये अमेरिकेत झालेला कायदा त्याच्याच नावाने ओळखला जातो. तिथल्या सरकारी यंत्रणेने तेव्हा मांडलेला हिशेब असा : रिव्हर्स गाडीखाली येऊन वर्षाला सरासरी २१० मृत्यू आणि १५ हजार जखमी. मृतांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालची मुलं, २६ टक्के सत्तरी गाठलेली किंवा ओलांडलेली माणसं. म्हणजे नातवंडं आणि आज्या! १ मे २०१८ पासून तिथे प्रत्येक नव्या हलक्या वाहनाला, पिकअपसकट, मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडीमागची १० फूट रुंद आणि २० फूट लांब जागा दिसलीच पाहिजे आणि रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंदांत चित्र आलंच पाहिजे, असा नियम.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या कारना रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. तुमच्या-माझ्या गाडीचं ते ‘टूँ-टूँ’ त्याच नियमाचं. पण तो नियम प्रवासी कारपुरता होता. मामांची पिकअप त्यात बसत नव्हती. गंमत बघा, ज्या नाशकात २००२ पासून स्कॉर्पिओ तयार होऊ लागली, जिथे सातपूर-अंबडमध्ये अर्धी गल्ली वाहनांच्या पार्ट्‌सवर जगते, तिथेच रोज पहाटे पंचवटीच्या मार्केट यार्डात कितीतरी पिकअप केवळ ‘येऊ द्या, येऊ द्या’ या एका आवाजावर मागे येतात!

चलो द्वारका

तर मंडळी, आम्ही निघालो द्वारकेला. देवाच्या नाही, आपल्या नाशकातल्या, हायवेलगतच्या गॅरेजवाल्या द्वारकेला. तिथल्या एका गल्लीतला ऑटो इलेक्ट्रिशियन माझ्याच वयाचा, कानाला ब्लूटूथ, हातात टेस्ट लॅम्प. मी नेटवरून अभ्यास करून गेले होते. ‘दादा, कॅमेरा फाळक्यावर मधोमध लावायचा ना?’

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. ‘ताई, फाळका दिवसातून किती वेळा उघडतो? प्रत्येक वेळी वायर दुमडणार, महिन्यात तुटणार. शिवाय कॅरेट आपटून काच जाईल ती वेगळीच.’ मग जागा ठरली मागच्या बंपरवर, नंबर प्लेटच्या वर. ‘फक्त एक आहे काका, फाळका खाली सोडून गाडी मागे घ्यायची नाही. लोंबता फाळका कॅमेऱ्यासमोर येतो. आधी गाडी लावा, मग फाळका उघडा.’ मामांनी मान डोलावली, पण चेहरा पडला. यार्डात आधी फाळका सोडून मग ओट्याला लावायची, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय.

स्क्रीनबाबत मात्र मामांनीच डोकं लढवलं. डॅशबोर्डवर पाच इंची स्क्रीन की आतल्या आरशावर क्लिपने बसणारा स्क्रीनवाला आरसा? मामा म्हणाले, ‘आरसाच दे. नाहीतरी माल भरला की त्या आरशात काही दिसत नाही. आणि नजरेला तिथेच बघायची सवय आहे.’ ब्रिलियंट! रिव्हर्स गिअर पडला की आरशात चित्र, नाहीतर तो नुसता आरसा.

मग खरं काम. हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावले, इंजिन बंद ठेवून किल्ली ऑन केली आणि रिव्हर्स टाकला. टेस्ट लॅम्पने मागच्या पांढऱ्या दिव्याची चालू वायर शोधली. कॅमेऱ्याला करंट तिथूनच मिळतो, म्हणून गाडी रिव्हर्समध्ये असेल तेव्हाच तो जागा होतो. मग किल्ली बंद. लाल वायर त्या दिव्याला, काळी वायर चेसिसला अर्थिंग, तीही तिथला रंग खरवडून. रंगावर अर्थिंग नीट धरत नाही. जोड नुसता पिळून टेप गुंडाळलेला नाही, तर झाळून वर प्लास्टिकची नळी गरम करून आवळलेली. मातीचे रस्ते आणि आपला पावसाळा यांच्यापुढे नुसत्या टेपचा टिकाव लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला मागून केबिनपर्यंत वायर आणण्यात. ती घडीदार नळीत घालून, गाडीच्या मूळ वायरिंगच्या सोबतीने, चेसिसला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधत आणली. सायलेन्सरपासून लांब, कारण तो तापतो. प्रोपेलर शाफ्टपासून लांब, कारण तो फिरतो. पाट्यांपासून लांब, कारण खड्ड्यात ते वर-खाली होतात. केबिनमध्ये शिरताना नवं भोक न पाडता आधीच्याच रबरी बुचातून. स्क्रीनची लाइन मात्र वेगळी, फ्यूज लावून.

तीन तासांनी चित्र आलं. इलेक्ट्रिशियन दादा गाडीच्या डाव्या कोपऱ्याशी उभा होता आणि स्क्रीनवर दिसत होता उजवीकडे! मामा म्हणाले, ‘आता या वयात डावं-उजवं परत शिकू?’ दादा हसला, कॅमेऱ्याच्या वायरचा एक बारीकसा वेटोळा कट केला आणि चित्र आरशासारखं उलटलं. डावं डावीकडे. असं दुसरंही एक वेटोळं असतं, ते कापलं की स्क्रीनवरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा जातात. आम्ही त्या ठेवल्या. एकूण बिल साडेतीन हजारांच्या आसपास. एका मोबाइलच्या ईएमआयएवढं!

पण त्या रेघांवर डोळे झाकून विश्वास नको. कॅमेऱ्याची भिंग रुंद असते, त्यामुळे वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते. म्हणून घरी येऊन आम्ही टेप धरली आणि गाडीमागे एक, दोन आणि तीन मीटरवर फक्कीने रेघा मारल्या. कुठली रेघ स्क्रीनवर कुठे पडते, हे मामांनी पाचसहा वेळा बघून डोक्यात बसवलं.

तुम्हीही बसवणार असाल, तर...

• कॅमेरा आणि स्क्रीन एकाच जातीचे घ्या. एक सीव्हीबीएस आणि दुसरा एएचडी असेल तर स्क्रीन काळाच राहील.
• पिकअपची बॅटरी १२ व्होल्टची, मोठ्या ट्रकची २४. दुकानात गाडी कोणती ते आधी सांगा.
• ‘आयपी ६७’ म्हणजे धूळ आणि पाण्यात बुडणं सोसेल, पण सर्व्हिस सेंटरचा जोरदार प्रेशरचा फवारा थेट कॅमेऱ्यावर मारू देऊ नका.
• गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी डीलरला विचारा.
• रोज सकाळी लेन्स पुसा. चिखलाने भरलेला कॅमेरा नसल्यातच जमा.
• गाडीत बसण्याआधी एक चक्कर मारा. कॅमेरा बाजूने धावत येणाऱ्या पोराला आधीच पाहू शकत नाही. आणि मागे माणूस उभा करायचाच असेल तर बाजूला, ड्रायव्हरला आरशात दिसेल असा.

संध्याकाळी आजी बाहेर आली. ‘काय टीव्ही आणलाय म्हणे?’ मामांनी गाडी बंदच ठेवून किल्ली ऑन केली, रिव्हर्स टाकला. आजीला काय वाटलं कोण जाणे, ती जाऊन त्या दिवशीच्याच जागी, साडी अंथरली होती तिथे, पाटावर बसली.

आरशात ती स्पष्ट दिसत होती. पांढरे केस, कपाळावरचं गोंदण, गुडघ्यावर ठेवलेला हात. मी शेजारच्या सीटवर होते. मामा काहीच बोलेनात, नुसते आरशाकडे बघत राहिले.

‘दिसते का रे मी?’ मागून आवाज आला.

मामांनी गळा साफ केला. ‘दिसतेस गं आई,’ ते मोठ्याने म्हणाले, तिला ऐकू जाईल असं.