दहा जणांचा पहारा

ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू. लांबी दोन मायक्रोमीटरच्या आसपास, आत सुमारे ४६ लाख बेसजोड्यांचा डीएनए आणि लाखो प्रथिन-रेणूंची दाटी. या दाटीत लॅक रिप्रेसर नावाच्या प्रथिनाचे जेमतेम दहा रेणू असतात. त्यांचं काम एकच. लॅक्टोज ही दुधातली साखर आसपास नसेल, तर ती पचवणारी एंझाइम बनू द्यायची नाहीत. पाठ्यपुस्तकात त्यांच्या नावानं एक चौकट आणि दोन बाण काढतात, आकृती नीट आली की मार्क मिळतात आणि विषय संपतो. मला हे अन्यायाचं वाटतं. जनुक चालू-बंद कसं होतं, हे जीवशास्त्राला प्रथम नीट उमगलं ते या पहाऱ्यामुळेच.

गोष्ट सुरू होते महायुद्धाच्या काळातल्या पॅरिसमध्ये. सॉर्बोनमध्ये जाक मोनो जिवाणूंना दोन साखरा एकत्र देऊन त्यांची वाढ मोजत होते. काही जोड्यांच्या बाबतीत आलेख चढायचा, मध्येच आडवा व्हायचा आणि पुन्हा चढायचा. जिवाणू आधी ग्लुकोज संपवत, मग थोडं थबकत आणि त्यानंतर दुसऱ्या साखरेकडे वळत. या थबकण्यात दुसऱ्या साखरेची एंझाइम तयार होत असणार, असं आंद्रे ल्वॉफ यांनी सुचवलं. १९४१ मध्ये मोनोंचा प्रबंध पूर्ण झाला, आणि पुढे ते नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात उतरले. फ्रान्स्वा जाकोब यांची वाट आणखी वाकडी. त्यांना सर्जन व्हायचं होतं, पण १९४४ मध्ये नॉर्मंडीत ते गंभीर जखमी झाले आणि तो विचार सोडावा लागला. १९५० मध्ये ते ल्वॉफ यांच्याकडे पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले.

निर्णायक प्रयोग झाला तो अमेरिकेहून आलेले आर्थर पार्डी मोनो आणि जाकोब यांना येऊन मिळाल्यावर. काही बिघडलेले जिवाणू लॅक्टोज नसतानाही तिची एंझाइम सारखी बनवत राहतात, आणि हा दोष 'आय' या वेगळ्या जनुकात असतो, हे तोवर माहीत झालं होतं. जिवाणूंच्या संकरात नर आपला डीएनए मादीत सोडतो, पेशीतला बाकीचा ऐवज जवळजवळ देत नाही. त्यांनी एंझाइमचं जनुकही नाही आणि धड 'आय'ही नाही अशी मादी घेतली, आणि दोन्ही शाबूत असलेला नर. डीएनए आत शिरल्यावर काही मिनिटांतच, लॅक्टोज नसताना, एंझाइम बनू लागलं. तास-दोन तासांत ते आपोआप थांबलं. म्हणजे 'आय' जनुक काहीतरी बनवतं, ते साचायला वेळ लागतो, आणि साचलं की उत्पादन बंद पडतं. सगळा तर्क एवढाच. पण काय स्वच्छ तर्क! जिवाणूंत दडून राहणाऱ्या विषाणूंच्या बाबतीतही हेच घडत असणार, ही जोडणी जाकोब यांना १९५८ मध्ये सिनेमागृहात बसले असताना सुचली. पडद्यावरचा सिनेमा फारसा रंगतदार नसावा.

१९६१ मध्ये जाकोब आणि मोनो यांचा प्रसिद्ध शोधनिबंध आला आणि १९६५ मध्ये ल्वॉफ यांच्यासह दोघांना नोबेल मिळालं. गंमत अशी, की ज्याच्यावर ही इमारत उभी होती तो रेणू, म्हणजे 'आय'नं बनवलेला रिप्रेसर, तोवर कोणी हातात धरलेलाच नव्हता. निबंधात तर तो बहुधा आरएनए असावा असा अंदाज होता. तो चुकला.

पेशीत दहाच रेणू असलेली वस्तू शोधायची कशी? हार्वर्डमध्ये हे काम वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी अंगावर घेतलं. गिल्बर्ट मूळचे भौतिकशास्त्राचे, केंब्रिजला अब्दुस सलाम यांचे विद्यार्थी. म्युलर-हिल जर्मन रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी आयपीटीजी हा लॅक्टोजचा तोतया भाऊ वापरला. रिप्रेसर त्याला धरतो, पण पेशी त्याला पचवू शकत नाही. जिवाणूंचा अर्क बारीक छिद्रांच्या पिशवीत भरला आणि ती किरणोत्सारी आयपीटीजीच्या द्रावणात सोडली. आयपीटीजी आतबाहेर फिरू शकतो, प्रथिन आतच अडकतं. पिशवीत त्याला धरणारं काही असेल, तर आतली किरणोत्सारिता बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त भरेल. आयपीटीजी अधिक घट्ट धरणारा उत्परिवर्तित जिवाणू मिळाला तेव्हा तो किंचित फरक दिसला. १९६६ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की रिप्रेसर हे प्रथिन आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी ते लॅक जनुकांच्या डीएनएला चिकटतं आणि आयपीटीजी घातला की सुटतं, हेही दाखवलं. डीएनएवर ते जिथे बसतं त्या जागेला ऑपरेटर म्हणतात. तिथल्या २४ बेसजोड्या वाचायला गिल्बर्ट आणि ॲलन मॅक्सम यांना दोन वर्षं लागली. निबंध १९७३ चा. आज तेवढं वाचन यंत्र क्षणात करतं. पण डीएनए वाचण्याची जी पद्धत या दोघांनी पुढे काढली, तिच्यासाठी गिल्बर्ट यांना १९८० चं नोबेल मिळालं.

संपूर्ण रचना दिसायला मात्र १९९६ उजाडलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मिचेल लुइस, पाँझी लू आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी ती उलगडली. ३६० अमिनो आम्लांच्या एका साखळीच्या चार प्रती दोन-दोनच्या जोड्यांत येतात, आणि त्या जोड्या शेपटाशी बांधल्या जाऊन इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार होतो. प्रत्येक जोडी एक ऑपरेटर पकडू शकते. साखळीच्या टोकाचं छोटं डोकं डीएनएच्या रुंद खाचेत बसतं. डोकं आणि धड यांच्यामधला सांधा मला सगळ्यात विलक्षण वाटतो. एरवी तो सैल, वळण नसलेला धागा असतो. योग्य ऑपरेटर सापडला की त्याची मळसूत्री गुंडाळी होते, ती डीएनएच्या अरुंद खाचेत घुसते, खाच फाकवते आणि डीएनएला बाक आणते. धडात साखरेची खोबण आहे. या धडाची घडण पेशीच्या आवरणाजवळ साखर टिपणाऱ्या प्रथिनांसारखीच आहे. उत्क्रांतीनं साखर ओळखणाऱ्या जुन्या साच्याला डीएनए ओळखणारं डोकं जोडलेलं दिसतं. चक्क जुगाड!

खोबणीत साखर बसली की धडाचे भाग थोडे सरकतात, सांध्याची गुंडाळी टिकत नाही आणि ऑपरेटरवरची पकड सुमारे हजारपटीनं ढिली पडते. सुटलेला रेणू मात्र डीएनएपासून फार लांब जात नाही. हार्वर्डमधल्या सनी शिए यांच्या गटानं २००७ मध्ये जिवंत पेशीत एकेक रेणू पाहिला. तो सुमारे ९० टक्के वेळ डीएनएला कुठेतरी, दर खेपेला ५ मिलिसेकंदांहून कमी, चिकटून घसरत असतो, मग उडी मारून दुसरीकडे जातो. दहा जणांना ४६ लाख जागांची गस्त जमते ती अशी.

पण हा पहारा अभेद्य नाही, आणि नसण्यातच शहाणपण आहे. रिप्रेसरला खुणावते ती लॅक्टोज नव्हे, तिच्यापासून बनलेली ॲलोलॅक्टोज. ती बनवतं कोण? ज्याच्यावर बंदी आहे तेच एंझाइम! बंदी शंभर टक्के असती तर पेशीला दुधाचा पत्ता कधीच लागला नसता. म्हणून अधूनमधून एखादा थेंब गळायलाच हवा. गळती आटोक्यात ठेवायला आणखी दोन ऑपरेटर आहेत. रिप्रेसरचे दोन हात दोन ठिकाणी धरतात आणि मधल्या डीएनएचा फास होतो. म्युलर-हिल यांच्या गटानं १९९० मध्ये ते दोन्ही जादा ऑपरेटर बिघडवून पाहिले, तेव्हा दमन सुमारे १३०० पटींवरून १८ पटींवर आलं.

एक हात सुटला तर दुसरा धरून असतो, आणि जनुक लगेच पुन्हा झाकलं जातं. क्वचित दोन्ही हात एकदम सुटतात. मग साखर आत आणणाऱ्या प्रथिनाचा लोंढा बनतो, त्यातून आणखी साखर आत येते, आणि पेशी पूर्णपणे लॅक्टोजकडे वळते. शिए गटानं हे २००८ मध्ये दाखवलं. एका रेणूच्या एका सुटण्यावर अख्ख्या पेशीचं वागणं ठरतं, म्हणून एकाच वंशाच्या, एकाच द्रावणातल्या दोन पेशी वेगळ्या वागू शकतात. आकृतीतल्या बाणांना हे सांगता येत नाही. ग्लुकोज असताना लॅक्टोज मागे का पडते, यात सीआरपी या दुसऱ्या प्रथिनाचा भाग आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय.

रिप्रेसरनं माणसाची चाकरीही केली आहे. १९७७ मध्ये जिवाणूकडून सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक बनवून घेतलं गेलं आणि पुढच्या वर्षी मानवी इन्सुलिन. दोन्ही वेळा लॅकचंच नियंत्रण वापरलं होतं. आजही पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेतला विद्यार्थी जिवाणूंच्या फ्लास्कमध्ये आयपीटीजी टाकतो तेव्हा याच पहाऱ्याला रजा देत असतो.

ज्यांना या सगळ्याचा इतिहास हवा आहे, त्यांनी बेन्नो म्युलर-हिल यांचं लॅक ओपेरॉनच्या, म्हणजे याच जनुकसंचाच्या, इतिहासावरचं छोटेखानी पुस्तक मिळवून वाचावं. नाझी काळातल्या जर्मन आनुवंशशास्त्रज्ञांच्या गुन्ह्यांवरही याच लेखकानं पुस्तक लिहिलं आहे, आणि तेही वाचण्याजोगं आहे.