दीर्घकालीन विषाणूजन्य यकृतदाह आणि बी-पेशी लिम्फोमा

हिपॅटायटिस सी किंवा हिपॅटायटिस बी विषाणूचा संसर्ग शरीरात वर्षानुवर्षे टिकून राहिल्यास यकृताबरोबरच रोगप्रतिकार संस्थेतील बी-पेशींवरही परिणाम होतो व त्यांतून काही व्यक्तींना बी-पेशी लिम्फोमा हा लसीकापेशींचा कर्करोग होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने इ.स. २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात हिपॅटायटिस सी विषाणू हा नॉन-हॉजकिन लिम्फोमाचे कारण असल्याचा पुरावा पुरेसा ठरवला; हिपॅटायटिस बी विषाणूबाबतचा पुरावा त्या वेळी मर्यादित मानला गेला. विषाणूवर उपचार केल्यास काही रुग्णांमध्ये कर्करोगही मागे हटतो, त्यामुळे या संबंधाला व्यवहारात मोठे महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

यकृतदाह घडवणाऱ्या विषाणूंपैकी ए व ई हे दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात आणि त्यांचा संसर्ग बहुधा काही आठवड्यांत संपतो. बी व सी हे रक्तावाटे पसरतात. बी विषाणू शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बाळालाही होतो. नवजात अवस्थेत बी विषाणूची लागण झाल्यास सुमारे ९० टक्के बालकांत ती कायमची होते, तर निरोगी प्रौढांमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. सी विषाणूची लागण झालेल्यांपैकी बहुसंख्यांच्या शरीरात तो टिकून राहतो.

हिपॅटायटिस बी विषाणूच्या शोधासाठी बारूक ब्लूमबर्ग यांना इ.स. १९७६ मध्ये, तर सी विषाणूच्या शोधासाठी हार्वे आल्टर, मायकेल हॉटन व चार्ल्स राइस यांना इ.स. २०२० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

कार्यपद्धती

सी विषाणूचा जनुकीय ऐवज आरएनए स्वरूपाचा असून तो मानवी पेशीच्या डीएनएमध्ये मिसळत नाही. त्यामुळे कर्करोगाचा मार्ग अप्रत्यक्ष असावा, असे मानले जाते. विषाणूच्या बाह्य आवरणावरील ई-२ हे प्रथिन बी-पेशींवरील सीडी-८१ या ग्राहक रेणूला चिकटते. विषाणूचे प्रतिजन सतत समोर येत राहिल्याने विशिष्ट बी-पेशी पुन्हा पुन्हा विभाजित होतात. प्रत्येक विभाजनासोबत जनुकीय चुका साठण्याची शक्यता वाढते आणि अखेरीस एखादी पेशी नियंत्रणाबाहेर जाते.

या प्रवासातील मधली पायरी म्हणजे मिश्र क्रायोग्लोब्युलिनेमिया हा विकार होय. यात बी-पेशींनी तयार केलेली प्रतिद्रव्ये थंडीत साकळतात; पायांवर जांभळट पुरळ, सांधेदुखी, हातापायांना मुंग्या व मूत्रपिंडाचे विकार उद्भवतात. या विकाराच्या बहुतांश रुग्णांमध्ये सी विषाणू आढळतो व त्यांपैकी काहींना पुढे लिम्फोमा होतो.

हिपॅटायटिस बी विषाणूचा डीएनए मात्र मानवी डीएनएमध्ये मिसळू शकतो. सततच्या प्रतिजन-उत्तेजनाबरोबर ही बाबही कारणीभूत असावी, असा संशोधकांचा कयास आहे.

लिम्फोमाचे प्रकार व जोखीम

सी विषाणूशी मुख्यतः मार्जिनल झोन लिम्फोमा (विशेषतः प्लीहेतील), लिम्फोप्लाझ्मासायटिक लिम्फोमा व डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा यांचा संबंध दिसतो. हिपॅटायटिस बी बाबत शेवटचा प्रकार अधिक आढळतो. संसर्गित व्यक्तीची जोखीम इतरांच्या तुलनेत साधारणपणे दोन ते अडीच पट भरते. मूळ रोगच विरळ असल्याने बहुतेक संसर्गितांना लिम्फोमा होत नाही. यकृताचा सिरोसिस व यकृताचा कर्करोग हेच त्यांच्यापुढील मोठे धोके असतात.

उपचार

इ.स. २००२ मध्ये ऑलिव्हिए एर्मिन व सहकाऱ्यांनी प्लीहेच्या लिम्फोमाच्या ९ सी-संसर्गित रुग्णांना इंटरफेरॉन हे विषाणूरोधक औषध दिले. त्यांपैकी ७ जणांच्या रक्तातील विषाणू नाहीसा झाला आणि त्यांचा लिम्फोमाही मागे हटला. सी विषाणू नसलेल्या तशाच ६ रुग्णांवर इंटरफेरॉनचा असा परिणाम झाला नाही. लिम्फोमा मागे हटण्यामागे विषाणूचे निर्मूलन हे कारण आहे, याचा हा बोलका पुरावा ठरला. आज सोफोसबुविर, डाक्लाटास्विर, वेल्पाटास्विर यांसारख्या गोळ्यांनी बहुधा १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण सी विषाणूपासून मुक्त होतात. संथगती लिम्फोमात प्रथम विषाणूवर उपचार करता येतात. वेगाने वाढणाऱ्या प्रकारांत मात्र केमोथेरपी लांबणीवर टाकता येत नाही.

हिपॅटायटिस बी बाबत धोका वेगळा आहे. लिम्फोमावरील रिटुक्सिमॅब हे औषध बी-पेशी नष्ट करते. त्यामुळे यकृतात सुप्त असलेला विषाणू पुन्हा जागा होऊन प्राणघातक यकृतदाह होऊ शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इ.स. २०१३ मध्ये याबाबत ठळक इशारा दिला. म्हणून उपचारापूर्वी एचबीएसएजी व अँटी-एचबीसी या दोन्ही रक्तचाचण्या करणे आवश्यक मानले जाते. जुना संसर्ग आढळल्यास एन्टेकाविर किंवा टेनोफोविर हे औषध उपचारादरम्यान व नंतरही काही काळ दिले जाते.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील संदर्भ

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार इ.स. २०२२ मध्ये भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांना हिपॅटायटिस बीचा व ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सीचा दीर्घकालीन संसर्ग होता. कृष्णाकाठच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत, उर्वरित महाराष्ट्राप्रमाणेच, या सर्व आजारांना बोलीभाषेत 'कावीळ' हा एकच शब्द वापरला जातो. इ.स. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांसारख्या आपत्तींनंतर दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीची भीती असते. ती प्रामुख्याने ए व ई विषाणूंची असून लिम्फोमाशी तिचा संबंध जोडला जात नाही. याउलट बी व सी संसर्गात डोळे पिवळे न होताही अनेक वर्षे जातात. 'कावीळ उतरली' म्हणजे आजार संपला, ही समजूत म्हणूनच या दोन विषाणूंबाबत घातक ठरते. झाडपाल्याच्या औषधाने बरी झाल्यासारखी वाटणारी कावीळ बहुधा आपोआप ओसरलेली असते; विषाणू शरीरात राहिला की नाही, हे केवळ रक्तचाचणीतूनच कळते.

मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना इ.स. १९६२), त्याच्याशी संलग्न सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि कराडचे कृष्णा रुग्णालय ही या परिसरातील वैद्यकीय शिक्षणाशी जोडलेली प्रमुख रुग्णालये आहेत. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात बी व सी संसर्गाचे निदान व औषधोपचार मोफत पुरवण्याची तरतूद आहे.

प्रतिबंध

हिपॅटायटिस बीवर लस उपलब्ध असून तिची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत देणे अपेक्षित असते. भारतात तिचा देशव्यापी विस्तार इ.स. २०११ च्या सुमारास झाला. त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या अनेकांना लहानपणी ती मिळालेली नाही. हिपॅटायटिस सीवर लस नाही. तपासलेले रक्तच चढवणे, निर्जंतुक सुया वापरणे, तसेच एकाच सुईने अनेकांना गोंदणे व एकमेकांचे वस्तरे वापरणे टाळणे हे त्यावरील उपाय होत.