घट्ट म्हणजे नेमकं किती घट्ट?

आयटीआय किंवा डिप्लोमा करून चाकणच्या, रांजणगावच्या, वाळूजच्या कारखान्यात पहिल्यांदा असेंब्ली लाइनवर उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना घरीदारी एक वाक्य ऐकावं लागतं : मशीन चालवणारा खरा कारागीर, जोडणी करणारा नुसता पाना फिरवतो. हे साफ चूक आहे. जोडणीविषयीचे बाकीचे गैरसमजही या समजुतीच्याच आडोशाला वाढतात, आणि त्यातले काही जिवावर बेततात.

पहिला गैरसमज नट-बोल्टचा : जितका जास्त आवळाल, तितका सांधा पक्का. प्रत्यक्षात आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो. तो पुन्हा मूळ लांबीवर यायला बघतो आणि त्या ओढीमुळे दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. सांधा टिकतो तो या दाबावर. ओढ कमी पडली तर भाग सूक्ष्म सरकू लागतात, बोल्टवर कमीजास्त भार येत राहतो आणि एक दिवस तो थकून तुटतो. ओढ जास्त झाली तर बोल्ट कायमचा लांबतो किंवा आटे जातात. ही मर्यादा बोल्टच्या डोक्यावरच लिहिलेली असते. 8.8 मधला पहिला 8 सांगतो, की तुटेपर्यंतची ताकद 800 मेगापास्कल आहे. दुसरा सांगतो, की त्याच्या 80 टक्क्यांवर, म्हणजे 640 वर, बोल्ट कायमचा ताणला जाऊ लागतो. 10.9 चा बोल्ट 8.8 च्या जागी दिसायला तंतोतंत बसेल, पण दोघांचं गणित वेगळं आहे.

‘टॉर्क रेंचने टक्क केलं, म्हणजे काम चोख,’ हा दुसरा समज. रेंच फक्त फिरवण्याचा जोर मोजतो. ढोबळमानाने त्यातला निम्मा जोर डोक्याखालचं घर्षण खातं, आणखी 40 टक्के आट्यांमधलं घर्षण खातं, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम 10 टक्के. म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क तेल लावलेल्या आट्यांना दिला, तर रेंचवरचा आकडा तोच राहूनही ताण भलताच वाढतो. सगळं नीट केलं तरी नुसत्या टॉर्कवर आवळलेल्या बोल्टांच्या ओढीत 25 ते 30 टक्क्यांचा फरक पडू शकतो. इंजिनाच्या हेडचे बोल्ट आधी ठरावीक टॉर्कपर्यंत आणि मग ठरावीक अंशांत फिरवतात, तेही मधून कडेकडे जाणाऱ्या क्रमाने, ते यासाठीच.

स्प्रिंग वायसरवर तर आपल्याकडे अपार श्रद्धा आहे. तो घातला की नट सैल होत नाही, असं वर्कशॉपमध्ये आजही शिकवलं जातं. 1969 मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं, की बोल्टला आडवे हादरे बसले की नट आपोआप फिरून सुटू लागतो. बोल्ट पूर्ण आवळेपर्यंत स्प्रिंग वायसर चपटा झालेला असतो आणि मग त्याच्यात आणि साध्या वायसरमध्ये फरक उरत नाही, असं नासाच्या 1990 सालच्या फास्टनर-पुस्तिकेतही म्हटलं आहे. नट धरून ठेवायचा तर पुरेशी ओढ हवी, आणि गरजेप्रमाणे आट्यांत भरायचं लॉकिंग द्रव किंवा पाचरीसारखे दातेरी वायसर.

‘बसला ना, मग चालतो’ या वृत्तीची किंमत 10 जून 1990 रोजी कळली. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या 5390 क्रमांकाच्या विमानाची पुढची काच सुमारे 17,000 फुटांवर उडून गेली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांना पायांना धरून ठेवलं आणि सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन वाचले. आदल्याच दिवशी पहाटे ती काच बदलली होती. तिच्या 90 बोल्टांपैकी 84 व्यासाने जेमतेम 0.66 मिलिमीटर बारीक होते आणि उरलेले 6 आखूड. जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून नवे निवडले होते.

बेअरिंग हातोडीने ठोकून बसवणं हीसुद्धा कारागिरी नव्हे. आतली रिंग शाफ्टवर घट्ट बसवायची असताना घाव बाहेरच्या रिंगवर घातला, तर तो गोळ्यांमधून जातो आणि रिंगच्या वाटेवर खळगे पडतात. बेअरिंग गरम करून चढवावं. 50 मिलिमीटर भोकाचं पोलादी बेअरिंग 80 अंशांनी तापवलं की भोक सुमारे 48 मायक्रॉनने मोठं होतं आणि ते अलगद सरकतं. तसंच, चिकटवून जोडण्याला कच्चं काम समजणाऱ्यांनी लोटस एलिस ही गाडी पाहावी. 1996 पासून तिची ॲल्युमिनियमची चौकट चिकटवून जोडली जात होती.

आता माणसाबद्दल. चूक झाली की ऑपरेटरच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवलं जातं. 1961 मध्ये जपानच्या यामादा इलेक्ट्रिकमध्ये एका स्विचमध्ये दोन स्प्रिंगा घालायच्या असत आणि अधूनमधून एक राहून जाई. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने कोणाला दटावलं नाही. आधी दोन्ही स्प्रिंगा एका बशीत काढायच्या आणि मग बसवायच्या, एवढाच बदल केला. बशीत स्प्रिंग उरली तर चूक तिथेच दिसू लागली. पोका-योके, म्हणजे चूक होऊ न देणारी किंवा लगेच दाखवणारी रचना, तिची ही पायाभूत गोष्ट आहे. आणि रोबो आले म्हणजे माणूस संपला, असं मानणाऱ्यांसाठी : मॉडेल 3 या गाडीच्या उत्पादनात अतिस्वयंचलन ही चूक ठरली, हे टेस्लाच्या प्रमुखांनी 2018 मध्ये जाहीरपणे मान्य केलं.

लाइनवर नव्याने उभं राहणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या शिफ्टलाच सुपरवायझरला तीन गोष्टी विचाराव्यात : बोल्टचा ग्रेड कोणता, टॉर्क किती, आणि आटे कोरडे की तेल लावलेले. उत्तर मिळेपर्यंत पाना उचलू नये.