पाच सेंटिमीटर पाण्याचा पहारा

मे महिन्यात उमरखेडचा पारा चाळिशीच्या वर गेला की लग्नकार्यासाठी घर बंद करून गेलेली कुटुंबं परतल्यावर दार उघडतात आणि नाकाला पदर लावतात. न्हाणीतून कुबट, सडक्या अंड्यासारखा वास येतो, झुरळं मोकाट फिरत असतात. मग फिनाइल ओतलं जातं. दोन दिवसांत वास जातो, पण ते श्रेय फिनाइलचं नाही. न्हाणी पुन्हा वापरात आली म्हणून तो जातो.

न्हाणीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं. साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे पाच सेंटिमीटर. सेप्टिक टँकेत किंवा गटारात मैला कुजताना मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. हे वायू पाइपातून उलटे चढतात आणि या पाण्याशी येऊन अडतात. संडासाच्या भांड्याखालचा पी-ट्रॅप, अंगणातला गली ट्रॅप, सगळ्यांचं काम हेच. पाइप वाकवून त्यात पाणी अडवण्याची ही युक्ती लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली पेटंट केली. तत्त्व अजून तेच आहे.

विदर्भातल्या कोरड्या झळांमध्ये, वापर थांबला की हे पाणी हळूहळू उडून जातं आणि गटाराचं दार घरात उघडतं. गावाला जाताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वरून चमचाभर गोडेतेल ओतावं. तेलाचा थर बाष्पीभवन रोखतो.

कोरडा ट्रॅप म्हणजे फक्त वास, असं मात्र समजू नका. २००३ साली सार्सच्या साथीत हाँगकाँगच्या अॅमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवासी बाधित झाले. तिथल्या बाथरूमच्या फरशा लोक धूत नसत, पुसून घेत. त्यामुळे ट्रॅप सुकलेले होते. एक्झॉस्ट पंखा लावला की मैलावाहिनीतली विषाणूयुक्त हवा आणि तुषार त्यांतून घरात ओढले जात, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

ट्रॅप उन्हाळ्याशिवायही रिकामा होतो. दुमजली घरात वरच्या संडासात बादलीभर पाणी टाकलं की उभ्या पाइपातून खाली कोसळणारा लोंढा आपल्याबरोबर हवा ओढत नेतो. मागे दाब कमी होतो आणि जवळच्या ट्रॅपमधलं पाणी शोषलं जातं. वर फ्लश केल्यावर खालच्या न्हाणीत ‘गुडगुड’ ऐकू येते ती याचीच खूण. उपाय स्वस्त आहे: उभा पाइप गच्चीच्या वर नेऊन उघडा सोडायचा, तोंडाला काउल, म्हणजे जाळीची टोपी, बसवायची. बाहेरची हवा आत आली की दाब सारखा राहतो आणि पाणी जागेवर टिकतं. दुर्दैवाने खर्च कमी करायचा म्हटलं की हाच व्हेंट पाइप आधी कापला जातो; नाहीतर गच्चीवर खोली चढवताना त्याचं तोंड सिमेंटने बुजवतात. टाइल्सवर हजारो खर्च करणाऱ्यांना दोन-तीन मीटर पाइप जड का जावा, हे मला कधीच उमगलं नाही.

उताराची बाब आपल्या भागात जास्त नाजूक आहे. चार इंची पाइपाला दर दहा फुटांना दोन ते तीन इंच उतार लागतो. कमी पडला तर मैला तळाशी बसतो. फार दिला तर पाणी पुढे पळतं आणि घन भाग मागे राहतो. पैनगंगेच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसत्या त्या मातीवर टाकलेला पाइप दोन-चार वर्षांत मध्येच बसतो, जोड सुटतात, चेंबर तुंबतं. म्हणून चरात खाली मुरूम किंवा वाळू दाबून भरायची, त्यावर पाइप ठेवायचा, आणि माती लोटण्याआधी पाणी सोडून जोड व उतार तपासायचे. हे डोळ्यांदेखत करून घ्या. फरशी बसल्यावर चूक शोधायला ती फोडावी लागते.

हीच माती शोषखड्ड्यालाही त्रास देते. चिकणमातीतून पाणी सावकाश मुरतं, खड्डा भरतो आणि टँकेचं पाणी नालीत सोडायचा मोह होतो. ते पाणी वरवर नितळ दिसलं तरी जंतूंनी भरलेलं असतं. खड्डा मोठा घ्यावा, शक्य तर खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा.

टँक दर दोन-तीन वर्षांनी यंत्राच्या गाडीने उपसून घ्या. माणूस आत उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे आत गेलेल्याला धोका कळत नाही. संरक्षक साधनांशिवाय कुणाला टँकेत उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.