ग्रहणाला बोल लावू नका, लस चुकवू नका



पौष पौर्णिमेला नळदुर्गला खंडोबाची मोठी यात्रा भरते. गावोगावची माणसे लेकरे कडेवर घेऊन येतात. गर्दीत एखादी गरोदर सूनही असते. यात्रेहून परतल्यावर दोन-अडीच आठवड्यांनी एखाद्या लेकराला कणकण येते, अंगावर बारीक तांबूस पुरळ उठते, कानामागे गाठी येतात. उष्णता झाली असेल, असे आपण म्हणतो. तीन दिवसांत पुरळ मावळते आणि लेकरू खेळू लागते.

हा रुबेला असू शकतो. त्याचे विषाणू खोकल्या-शिंकेतून पसरतात. लेकराला त्याचा फारसा त्रास होत नाही. खरा घाला पडतो तो पोटातल्या बाळावर. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे डोळे, कान, हृदय घडत असते. कोंबातच कीड शिरली तर ज्वारीच्या ताटात खोट राहते, तसेच हे आहे. याच दिवसांत आईला रुबेला झाला, तर दहापैकी नऊ बाळांपर्यंत इजा पोचू शकते. कधी गर्भ पडतो, तर कधी बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्मते. आईला स्वतःला कित्येकदा पुरळही उठलेले नसते.

मग घरात कुजबुज सुरू होते. ग्रहणात भाजी चिरली असेल, सुनेने काही पाळले नसेल! सासूबाई, त्या पोरीला बोल लावू नका. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्याकडे मोतीबिंदू असलेली तान्ही बाळे आली. चौकशीत कळले, की त्यांपैकी बहुतेकींच्या आयांना गरोदरपणी रुबेला झाला होता. पुढे १९६४-६५ च्या साथीत अमेरिकेत सुमारे २०,००० बाळे असे दोष घेऊन जन्मली. ग्रहणाचा यात काही संबंध नाही.

झालेली इजा पुरती भरून निघत नाही, पण ती टाळता येते. गोवर-रुबेलाची लस आपल्या पुण्यातही तयार होते आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलामुलींसाठी मोठी मोहीम झाली. तेव्हा शाळेत लस घेतलेल्या कितीतरी मुली आज सासरी नांदत आहेत. ज्यांची लस राहिली, त्यांनी लग्नाआधी किंवा दिवस जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे. लस घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. गरोदरपणी ही लस घेता येत नाही.

सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूनेही बाळाला बहिरेपण येऊ शकते. त्यावर लस नाही. तो लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून पसरतो. म्हणून गरोदर बाईने लेकराचे उष्टे खाऊ नये. त्याची शी-शू काढल्यावर, नाक पुसल्यावर साबणाने हात धुवावेत.

बाळाच्या बुबुळात पांढरे दिसले, मोठ्या आवाजाला ते दचकत नसले, किंवा दूध पिताना धापा टाकत असले, तर दवाखाना गाठा. मोतीबिंदूचे ऑपरेशन वेळेत झाले तर नजर वाचू शकते.

तेव्हा घरातले लसीचे कार्ड आजच काढून बघा. राहिलेला डोस असेल, तर आशाताईला विचारून लसीकरणाचा दिवस गाठा. तुमच्या लेकराला टोचलेली लस शेजारणीच्या पोटातल्या बाळालाही राखते.