टाळेबंदीतले बालाघाट : शांत रस्ते आणि पायी चालणारे

करोना साथीमुळे लागू झालेल्या टाळेबंदीच्या काळात रस्त्यावरून पायी जाणे हीसुद्धा नियमांत बसवावी लागणारी गोष्ट ठरली. 22 मार्च 2020 रोजी ‘जनता कर्फ्यू’ पाळला गेला आणि 25 मार्चपासून 21 दिवसांची देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. मुदत तीनदा वाढून ती 31 मेपर्यंत चालली. तिला आधार होता तो 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा. त्याच्या जोडीला राज्यांनी मुंबईच्या प्लेगच्या वेळचा, 1897 चा साथरोग कायदाही वापरला.

मध्य प्रदेशातले बालाघाट हे वैनगंगेच्या काठचे जिल्ह्याचे ठिकाण. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे 84 हजार. महाराष्ट्रातला गोंदिया जिल्हा लागूनच असल्याने बाजार, उपचार, सोयरीक आणि मराठी बोली यांची दोन्हीकडे सतत ये-जा असते. टाळेबंदीने ही ये-जा तोडली. दूध, भाजी, किराणा, औषधे एवढ्यापुरतेच बाहेर पडता येई. बस आणि प्रवासी रेल्वे बंद होत्या.

शहराचा आवाज मुख्यतः वाहने, बाजार आणि गर्दीचा असतो. तो थांबला की एरवी त्याखाली दबलेले पक्ष्यांचे आणि वाऱ्याचे आवाज ऐकू येतात. त्या काळात जगभरच्या भूकंपमापक केंद्रांवर माणसांच्या वर्दळीने होणारी जमिनीची कंपने निम्म्यापर्यंत घटल्याचे आढळले.

ही शांतता रुग्णसंख्येवर अवलंबून नव्हती. 30 एप्रिलच्या केंद्र सरकारच्या यादीत बालाघाट जिल्हा हिरव्या, म्हणजे नवे रुग्ण न आढळलेल्या, क्षेत्रात होता. तरीही 4 मेपासूनच्या नियमांनुसार संध्याकाळी 7 ते सकाळी 7 या वेळेत अत्यावश्यक कामाशिवाय बाहेर पडण्यास देशभर मनाई होती. मे महिन्यात बालाघाटला सहाच्या आत उजाडते, सातनंतर ऊन चढू लागते आणि दुपारी पारा चाळिशीपार जातो. म्हणजे पायी फिरायला सोयीची थंड वेळ बहुतेक मनाईत गेली आणि मोकळीक मिळाली ती उन्हाच्या तासांची.

त्याच उन्हात जिल्ह्याचे मजूर मात्र महामार्गांवरून चालत होते. धानाची कापणी आटोपली की इथली अनेक कुटुंबे नागपूर, हैदराबाद अशा शहरांत मजुरीला जातात. तिथली कामे बंद पडली, खोलीभाडे आणि जेवण परवडेना, गाड्या नव्हत्या. 1 मेपासून ‘श्रमिक विशेष’ गाड्या सुटू लागल्या, पण त्यांत सर्वांची सोय होत नव्हती. बालाघाट जिल्ह्यातला एक मजूर गरोदर पत्नी आणि लहान मुलीला घेऊन हैदराबादहून निघाला. वाटेत लाकूड-बांबूचा गाडा बनवून त्यावर दोघींना बसवले आणि तो ओढत आणला. सुमारे 700 किलोमीटरच्या या प्रवासाची चित्रफीत मे महिन्यात देशभर पाहिली गेली. महाराष्ट्राच्या हद्दीवर पोलिसांनी त्यांना खायला दिले. अनवाणी मुलीला चपलाही मिळाल्या.

म्हणून त्या काळातल्या चालण्याला दोन बाजू होत्या. शहरात राहणाऱ्याला चालण्याची मुभा तासांत मोजून मिळत होती, तर शहर सोडून निघालेल्याला चालण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. 1 जूनपासून मनाईची वेळ रात्री 9 ते पहाटे 5 अशी झाली आणि सकाळी फिरायला जाणे पुन्हा नियमांत बसू लागले.