पडद्यामागचं लग्नघर

लग्नघरातली पहाटेपासूनची हाकाटी आठवते ना? "अगं, हळदीची वाटी कुठं ठेवलीस?" "गुरुजी आले का?" "मुलीची वेणी अजून व्हायचीच आहे?" मांडवातल्या पाहुण्यांच्या कानी यातलं काही पडत नाही. त्यांना दिसते ती नटलेली नवरी. सिनेमाचंही तसंच असतं, बरं का! पडद्यावर आपण नवरी बघतो. हाकाटी मात्र शूटिंगच्या जागी वॉकी-टॉकीवरून चाललेली असते. अमेरिकेत काही हौशी मंडळी ही हाकाटी चक्क ऐकत बसतात.

तुम्ही म्हणाल, हे जमतं कसं? त्यासाठी स्कॅनर नावाचं यंत्र मिळतं. दिसायला लहानशा ट्रान्झिस्टरसारखं. ट्रान्झिस्टरचा काटा आपण फिरवतो. स्कॅनर आपण होऊन एकेक लहर चाचपत जातो आणि कुणाचं बोलणं लागलं की थांबतो. त्यावर फक्त ऐकता येतं, बोलता येत नाही. तिकडची शूटिंगवाली मंडळी बहुधा ४५० ते ४७० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतात. त्यांच्या वॉकी-टॉकींची ताकद थोडी, त्यामुळे ऐकणाऱ्याला जवळपासच असावं लागतं.

पण शूटिंग कुठं चाललंय ते कळणार कसं? लॉस एंजलिसमध्ये रस्त्यांवरच्या खांबांना पिवळ्या पाट्या लावतात. त्यांवर सिनेमाचं नाव बहुधा नसतंच, एखादा खुणेचा शब्द असतो. तोच शब्द एकदा सुलटा आणि एकदा उलटा छापलेला! म्हणजे बाण डावीकडे हवा की उजवीकडे, त्याप्रमाणे पाटी फिरवायची. एकच पाटी दोन कामांना. आपल्याला पटावी अशीच काटकसर.

त्यांची खास बोली

पहिला चॅनल साहाय्यक दिग्दर्शकांचा. तिथं लांबण लावायची नाही. जास्त बोलायचं असेल तर दुसऱ्या चॅनलवर जायचं. "रोलिंग" असा पुकारा झाला की नाक्यानाक्यावर उभी असलेली पोरं-पोरी तोच शब्द पुढं पोचवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना थोपवून धरतात. "लास्ट लुक्स" म्हणजे मेकअप, केस आणि कपडे सांभाळणाऱ्यांनी शेवटचा हात फिरवून घ्यावा. "बॅक टू वन" म्हणजे सगळ्यांनी पुन्हा पहिल्या जागी. आणि कुणी "टेन-वन"ला गेलंय असं ऐकलंत, तर जास्त चौकशी करू नये. ती व्यक्ती न्हाणीघराकडे गेलेली असते!

"सी-४७ आण" असा हुकूम ऐकून वाटेल, काहीतरी भारी यंत्र असणार. तो असतो दोरीवर कपडे वाळत घालायचा साधा लाकडी चिमटा! दिव्यांपुढं रंगीत कागद लावायला तो लागतो.

दिवसाच्या शेवटून दुसऱ्या शॉटला "ॲबी सिंगर" म्हणतात. हे खरोखरीच्या माणसाचं नाव. ॲबी सिंगर (१९१७–२०१४) हे साहाय्यक दिग्दर्शक. आता थोडंच राहिलंय, अशी आगाऊ सूचना ते देत, म्हणून शॉटलाच त्यांचं नाव पडलं. अगदी शेवटचा शॉट तो "मार्टिनी", कारण त्यानंतरचा 'शॉट' पेल्यात!

जेवायची वेळ आणि घरी जायची वेळ

ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात येते. जेवणाच्या वेळेवर साऱ्यांचा डोळा असतो. तिथल्या कामगार संघटनांच्या करारांनुसार साधारण सहा तासांच्या आत जेवणाची सुट्टी द्यावी लागते, नाही तर निर्मात्याला दंड भरावा लागतो. सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात एकटीनं पान वाढून घेणाऱ्या आपल्याला याचा हेवाच वाटेल!

पण जेवण वेळेवर मिळालं तरी घरी जायची वेळ पाळली जातेच असं नाही. सकाळचे तरतरीत आवाज रात्री ओढल्यासारखे येतात. ही थकावट जिवावरही बेतते. १९९७ च्या मार्चमध्ये 'प्लेझंटव्हिल' या चित्रपटावर काम करणारे कॅमेरा-साहाय्यक ब्रेंट हर्शमन एकोणीस तासांचा दिवस संपवून गाडीनं घरी निघाले. वाटेत चाक हाती असतानाच त्यांचा डोळा लागला आणि अपघातात ते गेले. घरी पत्नी आणि दोन लहान मुली होत्या. त्यावर ज्येष्ठ छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांनी २००६ साली माहितीपट काढला. तरी प्रश्न मिटला नाही. २०२१ साली विश्रांती आणि जेवणाच्या सुट्टीसाठी तिथल्या कामगारांनी संपाच्या बाजूनं जवळजवळ एकमुखानं कौल दिला, तेव्हा कुठं संप न होता नवा करार झाला.

ऐकताना पाळायची पथ्यं

अमेरिकेत असं उघडं बोलणं ऐकायला सहसा हरकत नसते. पण ऐकलेलं चारचौघांत सांगण्यावर आणि त्यातून फायदा करून घेण्यावर १९३४ सालापासून कायद्यानं निर्बंध आहेत. दुसऱ्यांचे फोन ऐकणं तर गुन्हाच. काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावरही बंधनं आहेत. आपल्याकडे बिनतारी यंत्र बाळगायला, काही अपवाद सोडले, तर परवाना लागतो. तेव्हा अमेरिकेतल्या लेकीला किंवा भाच्याला "येताना घेऊन ये" असं सांगू नका.

आणि कायद्याचं राहू द्या, आपली रीत काय सांगते? शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीआडून कानावर आलंच, तरी शहाणी बाई ते पाणवठ्यावर नेत नाही. नटी किती वाजता कुठल्या दारानं निघाली, कुणा पोरीला चुकीबद्दल बोलणी बसली, हे जिथं ऐकलं तिथंच सोडावं. मनात ठेवायची ती एवढीच गोष्ट, की नवरी सजते ती पन्नास हातांनी.

पुढच्या वेळी सिनेमा संपला की लगेच पर्स सावरून उठू नका. पडद्यावर बारीक अक्षरांत नावं सरकत असतात. ती सारी त्या लग्नघरातली माणसं. दोन मिनिटं बसून ती वाचा, आणि मग निघा.